टपावरचं सामान

हिशेबाला बसलं तर या सिनेमात अल्लालचा फायदाच फायदा होता. गाडी त्याची, पण डिझेल दुसऱ्याचं. बोटीचं तिकीट दुसऱ्याचं, जेवणखाण दुसऱ्याचं. काम काय, तर आपलीच गाडी चालवायची आणि तोंड बंद ठेवायचं; ते तर बायको गेल्यापासून पॅरिसजवळच्या जेनव्हिलिएच्या फ्लॅटमध्ये तो फुकटच करत होता. सोलेन नावाच्या दिग्दर्शक पोरीला एक म्हातारा हवा होता, एक जुनी पेजो स्टेशनवॅगन हवी होती आणि पॅरिसपासून मोरोक्कोतल्या गावापर्यंतचा रस्ता हवा होता. बाप आणि मुलगा गाडीने बापाच्या गावी निघतात आणि वाटेत मुलाला आपण कोण ते कळतं, अशी तिची गोष्ट.

अल्लालने एकच अट घातली. "गाव माझंच पाहिजे. स्पेनमधल्या कुठल्या वाडीला चुना फासून हेच मोरोक्को म्हणाल, तर मी नाही."

सोलेन या अटीवर खूश झाली. म्हातारा मातीला धरून आहे, असं ती सगळ्यांना सांगत सुटली. म्हातारा धरून होता खरा, पण मातीला नव्हे, यामनाला. यामना त्याची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. मोरोक्कोत बुआर्फा शहराच्या पुढे खजुरांच्या बागांत तिचं घर होतं, आणि त्या घराचा उंबरा अल्लालने नऊ वर्षांत ओलांडला नव्हता.

कारण सांगण्यासारखं नव्हतं, पण त्या गावच्या कुणालाही न सांगता कळलं असतं. फ्रान्सहून उन्हाळ्यात गावी जाणारा माणूस गाडीच्या टपावर गाडीएवढंच सामान लादून जातो. ब्लँकेटं, काचसामान, पंखे, सायकली, कुणाच्या लग्नाची गादी. वर निळी ताडपत्री, तिच्यावरून दोर. गाडी जेवढी मागे बसलेली, तेवढं माणसाचं नाव उभं. कारखान्यात होता तोवर अल्लालची गाडी दर ऑगस्टला डांबराला पोट घासत गावात शिरायची. पेन्शन सुरू झाली आणि ते थांबलं. शेवटच्या वेळी तो विमानाने गेला, हातात एक बॅग घेऊन. दारात बायका जमल्या, त्याला भेटल्या, आणि भेटता भेटता त्याच्या खांद्यावरून मागे बघत राहिल्या, बाकीचं सामान कुठे आहे म्हणून. कुणी काही बोललं नाही. बोलल्या असत्या तर परवडलं असतं.

त्यानंतर दर उन्हाळ्यात फोनवर त्याची कंबर धरायची. या वसंतात यामनाने फोन केला. "अल्लाल, माझं आता काही खरं नाही. रिकामा ये, पण ये."

रिकामा हा शब्द तिच्याही तोंडून निघाला, तेव्हा अल्लालला कळलं की जायलाच हवं, आणि तसं जाता यायचं नाही.

म्हणून सिनेमा. गाडीवर सामान तर लागणारच होतं, गोष्टच तशी होती. निघायच्या सकाळी कलाविभागाच्या मुलीने टपावर खोकी रचली. टीव्हीचं खोकं, पंख्याचं खोकं, तीन पेटारे, गादीच्या आकाराचा फोम. सगळी पोकळ. अल्लाल खिशात हात घालून बघत होता. मुलीने दोर आवळले तेव्हा मात्र त्याला राहवेना. "असा बांधलास तर लिऑंपर्यंत उडून जाईल," म्हणून त्याने सगळे सोडून पुन्हा बांधले. हातांना गाठी आठवत होत्या.

सोलेनने लांबून डोळा बारीक करून पाहिलं. "गाडी बसलेली दिसत नाही."

मग दिव्यांचे खांब वाऱ्याने पडू नयेत म्हणून ठेवलेल्या वाळूच्या पिशव्या आणून मागच्या भागात भरल्या. गाडी खाली बसली. अल्लाल फुटपाथवरून बघत राहिला. अगदी पूर्वीसारखी.

त्याचा बेत साधा होता, फक्त त्याने तो कुणाला सांगितला नव्हता. गावाच्या वाटेवर उज्दा शहराच्या बाजारात दोन तास थांबायचं, बरोबर आणलेल्या पैशांत जमेल तेवढं घ्यायचं आणि ते त्या खोक्यांत भरायचं. सगळी भरली नाहीत तरी वरची दोन-चार भरतील. मग पोचायचं.

मुलाचं काम करणाऱ्या फारेसचा जन्म लिऑंचा, आणि त्याला गाडी चालवता येत नव्हती. जवळून चेहरा घ्यायचा असला की पेजो ट्रेलरवर चढवायची, पुढे ट्रक ओढायचा, आणि फारेस हलत्या गाडीत बसून स्टीअरिंग धरायचा. खरं चालवायची वेळ आली की तो बाजूला सरकायचा आणि अल्लाल बसायचा. एकाच टोलनाक्यावरून तीनदा गेले. एकाच डोंगराकडे फारेसने दिवसभर बघितलं, कारण ढग सारखा बदलत होता. स्पेन संपता संपत नव्हता.

"काका," अल्मेरियाला बोटीच्या रांगेत फारेस म्हणाला, "पहिल्यांदा देश दिसतो तेव्हा चेहरा कसा होतो? सोलेन म्हणते, आतून आलं पाहिजे."

"भूक लागल्यासारखा कर."

"का?"

"तेव्हा भूकच लागलेली असते. बोटीवरचं खाणं कुणाच्याने जात नाही."

फारेस हसला. "तुम्हाला तिथे गेल्यावर घरी आल्यासारखं वाटतं?"

अल्लालने खिडकीची काच अर्धी खाली केली. "जेनव्हिलिएत शेजारीण विचारते, गावी कधी जाणार. गावी पोचलो की विचारतात, परत कधी जाणार. दोन्हीकडे एकच प्रश्न आहे. उत्तर पाठ आहे, त्यामुळे त्रास होत नाही."

"हे वाक्य सोलेनला सांगू?"

"नको. मला गप्प बसायचे पैसे मिळतात."

मोरोक्कोला उतरल्यावर नाडोरच्या बंदरात अधिकारी फारेसशी अरबीत बोलला. फारेसने अल्लालकडे पाहिलं. अधिकाऱ्यानेही अल्लालकडे पाहिलं. "हाजी, पोराला काही शिकवलं नाहीत?" म्हणाला. पोरगा आपला नव्हे, हे सांगणं अल्लालला लांबण लावल्यासारखं वाटलं. "माझंच चुकलं," म्हणाला आणि कागद पुढे केले.

उज्दाला त्याने विषय काढला. "इथे जरा थांबू. दोन तास."

सोलेनने घड्याळ पाहिलं, आभाळ पाहिलं. पाच आठवड्यांनी तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. "अल्लाल, कृपा करा. गाव इथून पाच तास आहे, मला संध्याकाळचं ऊन पाहिजे. उद्याची परवानगी नाही. तुम्हाला काय हवंय? माणूस पाठवून मागवते."

काय हवंय ते एका वाक्यात सांगता आलं असतं. टपावरचं सामान मला खरं करायचं आहे. पण गावात रिकाम्या हाताने गेलेला माणूस ते सत्तराव्या वर्षी परक्या पोरीला कसं सांगेल? आणि खरं म्हणजे तोही थकला होता. थकलेल्या माणसाला अभिमान धरून ठेवायला सोपा जातो, सोडायलाच ताकद लागते.

"काही नाही," तो म्हणाला. "सिगरेट हवी होती."

पुढचा सगळा रस्ता त्याने गाडी हळू चालवली, पोचेपर्यंत दिवस बुडावा म्हणून. पण जूनचा दिवस, तो कुणासाठी बुडतोय.

गाडी गावात शिरली ती डांबराला पोट घासत. पोरं मागे धावली. यामना दारात उभी होती, बाजूला शेजारणी, सगळ्यांत पुढे म्हातारी हलीमा. यामनाने आधी गाडीची मागची बाजू पाहिली आणि मग भावाकडे. तिचा चेहरा असा उजळला की अल्लालला उतरावंसं वाटेना. सोलेनची माणसं व्हॅनमधून कॅमेरा घेऊन उतरली होती. यामनाला त्याने फोनवर एवढंच सांगितलं होतं की बरोबर मित्र आहेत, फोटो काढतील.

"केवढं आणलंस रे," यामना त्याच्या डोक्याचं चुंबन घेत म्हणाली. "वेडा आहेस का. मी काय म्हटलं होतं?"

"लाल्ला," थोरल्या बहिणीला मानाने हाक मारत अल्लाल म्हणाला, "सामान उद्या काढू. आधी चहा."

पण सोलेनने मागून खूण केली. दोर आत्ताच सुटायला हवे होते, ऊन भिंतीवर होतं. फारेस टपावर चढला. अल्लालच्या गाठी त्याला सुटेनात, तेव्हा त्याने चाकूने कापल्या, ताडपत्री ओढली, टीव्हीचं खोकं उचललं आणि खाली धरलं. एका हाताने. पाच आठवडे प्रत्येक गोष्टीचा अभिनय करणारा मुलगा नेमका तिथे अभिनय करायचा विसरला.

 बायकांच्या नजरा त्या एका हातावर थांबल्या. अल्लाल चाकाकडे बघत उभा राहिला.

यामना पुढे झाली. तिने दोन्ही हात वर करून खोकं घेतलं, आणि घेताना गुडघ्यात वाकली. "आई गं," ती कण्हली, "कंबर गेली माझी. हलीमा, बघत काय राहिलीस, धर ना एक बाजू."

हलीमाने एक बाजू धरली. धरली त्या क्षणी तिने यामनाकडे पाहिलं. मग तीही कण्हली, यामनापेक्षा मोठ्याने. "फ्रान्समध्ये काय दगडांचे टीव्ही करतात?" म्हणाली. दोघी डुलत आत गेल्या. मग आणखी दोघी आल्या आणि पंख्याच्या खोक्याखाली धापा टाकू लागल्या. अर्धं गाव बघत होतं. चार बायकांनी टपावरचं सगळं आत नेलं, घाम पुसत, एकमेकींना शिव्या देत, आणि फोमची गादी तर दारात टेकवून विसावा घेऊन मग उचलली.

सोलेनच्या डोळ्यांत पाणी आलं. "कुणी सांगितलं त्यांना असं करायला?" ती हळूच विचारत होती. कुणीच सांगितलं नव्हतं.

सकाळी अल्लाल उठला तेव्हा यामना अंगणात गाडीचं मागचं दार उघडून उभी होती. तिने बोटाने एक पिशवी दाबली.

"वाळू आणलीस?"

"हो."

"इथे कमी पडली होती?"

 तिने त्याच्या हातात चहाचा पेला दिला.

"आता वाटायला हवं," ती म्हणाली. "खोकी जड होती, सगळ्या गावाने पाहिलंय. माणसं दुपारपर्यंत येतील. त्या चौघींना तर जास्त द्यावं लागेल, वजन त्यांनीच उचललंय."

"काय वाटणार, लाल्ला?"

तिने मागच्या खोलीतल्या आपल्या तीन जुन्या पेट्या उघडल्या. त्यात अल्लालने तीस उन्हाळ्यांत तिच्यासाठी आणलेलं सगळं होतं. ब्लँकेटं प्लास्टिकमध्ये, पेल्यांचे संच खोक्यात, रुमाल, इस्त्री, कॉफीचे कप. फ्रेंच दुकानांची लेबलं तशीच चिकटलेली.

"हे तू वापरलंच नाहीस."

"तू इथे घर मांडशील तेव्हा लागेल म्हणून ठेवलं होतं," यामना म्हणाली. "कायमचा येशील ना एक दिवस, तेव्हा." तिने पहिलं ब्लँकेट बाहेर काढून झटकलं. "नाही येणार तू. कालच कळलं. येणारा माणूस एवढं नाटक करत नाही."

दुपारी वाटप झालं. हलीमाने ब्लँकेट गालाला लावून पाहिलं आणि असलं कापड आता मिळत नाही म्हणाली, ते खरंच होतं.

शेवटी बेरीज अशी. सोलेनला तिचं दृश्य मिळालं. फारेसला आपण कोण ते कळलं की नाही कोण जाणे, पण रिकामं खोकं कसं उचलावं हे कळलं. गावाला भेटी मिळाल्या. अल्लालचं नाव राहिलं. वाळूच्या पिशव्या सिनेमावाल्यांच्या होत्या, त्या परत गेल्या. पदरचं गेलं एकट्या यामनाचं: तीन पेट्या, आणि ज्याच्यासाठी त्या भरून ठेवल्या होत्या ते भावाचं येणं.