लाल चौकट

मी सिन्नरच्या कारखान्यात एकतीस वर्षं फिटर होतो. म्हणून आमच्या मखमलाबाद रोडच्या बिल्डिंगच्या खालच्या दाराला मशीन बसवायचं ठरलं, तेव्हा ते तपासायचं काम कमिटीने माझ्यावर टाकलं. कार्डाचं घ्यायचं की चेहरा ओळखणारं, एवढाच प्रश्न होता. माझी बायको मैना जाऊन चार महिने झाले होते. अध्यक्ष मनोजला वाटलं असेल, काकांचा वेळ जाईल.

चेहऱ्याचं मशीन आधी आठ दिवस ट्रायलला लावलं. कंपनीच्या किशोरने सगळ्यांचे चेहरे नोंदवले. तळमजल्यावरच्या विमलाबाई पदर सारखा करून मशीनसमोर उभ्या राहिल्या.

"बघायला पाहुणे आलेत की काय असं वाटतंय रे," त्या म्हणाल्या.

मशीन मराठीत बोलायचं. "स्वागत आहे, विमलाबाई." दार उघडलं. सगळे हसले.

मग मी उभा राहिलो. मशीन म्हणालं, "एका वेळी एकाच व्यक्तीने उभं राहावं."

"विमलाबाई, बाजूला व्हा," किशोर म्हणाला.

"मी कधीच आत आले, बाबा. डोळे तपास."

पडद्यावर माझ्या तोंडाभोवती हिरवी चौकट होती, खाली माझं नाव. डाव्या खांद्यामागे, जरा खाली, आणखी एक चौकट होती. लाल. खाली लिहिलं होतं, 'अनोळखी'. त्या चौकटीत पार्किंगची भिंत सोडून काही नव्हतं.

किशोर म्हणाला, काचेत काहीतरी चमकत असेल. मीही तेच म्हणालो. दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी भिंतीला चादर लावली, काच पुसली, मशीनचा कोन बदलून पाहिला. मनोज उभा राहिला, विमलाबाई उभ्या राहिल्या, दार बिनतक्रार उघडलं. मी उभा राहिलो की लाल चौकट यायची. मी सरकलो की तीही सरकायची.

मैना उंचीने माझ्या खांद्याला लागायची. चालताना कायम डावीकडे, अर्धं पाऊल मागे. हे मी कोणाला बोललो नाही. दहाव्याला कावळा लगेच शिवला होता. सगळे म्हणाले होते, सुटली. मीही तसंच समजत होतो.

तीन दिवस विमलाबाई मला आतून बटण दाबून दार उघडायच्या. "स्वतःच्या घरात यायला वशिला लागतो तुम्हाला," म्हणायच्या. चौथ्या दिवशी किशोर परत आला. विमलाबाईंनी बटण दाबलं, मी आत गेलो, दार मिटलं, आणि तो बाहेर मशीनपाशी, कॅमेऱ्याच्या कडेला उभा होता. काचेतून मला त्याचा चेहरा दिसला. तो एकदा पडद्याकडे बघायचा, एकदा आपल्या बाजूच्या मोकळ्या जागेकडे.

"काय झालं?" मी दार उघडून विचारलं.

"तुम्ही आत गेलात, काका. ती चौकट इथेच राहिली."

"इथेच म्हणजे?"

"दाराला लागून." त्याने आवाज खाली आणला. "ज्याची नोंद नाही त्याला मशीन आत सोडत नाही. तेच तर याचं काम आहे."

मी जिन्यावर बसलो. एप्रिलमध्ये मैनाला दवाखान्यातून आणलं, तेव्हा अँब्युलन्स याच दारापाशी थांबली होती. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. मनोज म्हणाला, "काका, वर कशाला न्यायचं, सगळे खालीच जमलेत." मी बरं म्हणालो. तिथेच सगळ्यांनी तोंड पाहिलं, तिथूनच अमरधामला नेलं. दवाखान्यात शेवटच्या दोन दिवसांत ती एकच धरून बसली होती, घरी चला. मी तिला घरी आणलंच नाही. दारापर्यंत आणलं.

"नोंद करता येईल?" मी विचारलं.

"कोणाची?" किशोरने विचारलं. मग त्याने मान खाली घातली.

संध्याकाळी मी तिचा फोटो भिंतीवरून काढून खाली नेला आणि नोंद करायचं बटण दाबून मशीनपुढे धरला. मशीन म्हणालं, "फोटो चालणार नाही. डोळ्यांची उघडझाप करा." मी फोटो परत नेऊन खिळ्याला लावला.

रविवारी सकाळी मीटिंग झाली. पाचजणांची कमिटी. दोघे चेहऱ्याच्या बाजूने, दोघे कार्डाच्या. राहिलो मी.

"कार्डाचं काय आहे," मनोज म्हणाला, "एकजण कार्ड लावतो आणि त्याच्यामागून दुसरा घुसतो. कोण आलं, कळतच नाही."

"कार्ड घ्या," मी म्हणालो.

"काका, तुम्हीच सांगितलंत ना, कॅमेरा पक्का आहे?"

"पक्का आहे म्हणूनच नको."

मनोज नीट बोलला नाही त्या दिवशी. चहाही न घेता गेला.

पुढच्या गुरुवारी कार्डाचं मशीन बसलं. दुपारी चारला मी मुद्दाम बाहेर जाऊन आलो. कार्ड लावलं, दार ओढलं आणि आत न जाता बाजूला उभा राहिलो. दार जास्त वेळ उघडं राहिलं की शिटी वाजते. शिटी वाजायला लागली.

विमलाबाई खिडकीत आल्या. "अहो, कोण यायचंय?"

"येतंय," मी म्हणालो.

बाहेर तीन पायऱ्या आहेत. मैनाचे गुडघे गेलेले, तिला वेळ लागायचा. मी दार धरून ठेवलं. वरचा क्लोजर दार मिटायला ओढतो, त्याचा जोर माझ्या तळहातावर होता. मग तो जोर गेला. मागच्या माणसाने दार धरलं की पुढच्याच्या हाताला हलकं लागतं, तसं.

मी हात काढून घेतला. दार उघडंच राहिलं. मग, एक माणूस आत जायला लागतो तेवढ्या वेळाने, ते सावकाश मिटलं.