औंदाची कढई

गणपतीची चवथ परवावर आली तरी गौरवीच्या स्वयंपाकघरात नेवऱ्यांसाठी नारळ फुटला नव्हता. कोरगावात बाकी घरोघरी चून शिजत होतं. गुळाखोबऱ्याचा तो वास काही कुणाचं दार विचारून आत शिरत नाही. तो सरळ आला आणि धाकट्या परेशच्या नाकात जाऊन बसला.

"आई, आमच्यो नेवऱ्यो कधी?"

"करूया रे."

"कधी करूया?"

नेवरी म्हणजे करंजीच, पण पेडण्यात ती करंजी म्हणून पुढे केली तर पोरं नाक मुरडतील. परेशची मोठी बहीण सिद्धी नुकती दुसरीत गेली होती. तिनं मात्र नेवऱ्यांचं नावही काढलं नव्हतं. परेशनं भुणभुण लावली की ती त्याला हाताला धरून अंगणात न्यायची. पोर शहाणी झाली, असं गौरवीला वाटायचं, आणि का कोण जाणे, त्या शहाणपणाचा तिला रागही यायचा.

सुदेश, तिचा नवरा, वास्कोला एका टगबोटीवर कामाला होता. पावसाळा तोंडावर असताना ती बोट भर समुद्रात उलटली. बाकीचे सापडले, कुणी जिवंत, कुणी नुसते. सुदेश कसाच सापडला नाही. शोध थांबला तेव्हा भटजी घरी येऊन गेले. अशा वेळी दर्भाचा पुतळा करून क्रिया करता येते, असं त्यांनी अगदी हळू आवाजात सांगितलं. गौरवी त्यांच्यापुढचा चहाचा कप उचलून आत निघून गेली. तेव्हापासून घरात त्या विषयावर कुणी बोललं नव्हतं. सासू सत्यवती देवापुढे दिवा लावायची आणि ओसरीवर बसून राहायची. गौरवीचं कुंकू रोज जागच्या जागी होतं आणि सुदेशचा रेनकोट खुंटीला.

या भागात एक रीत आहे. वर्षभरात ज्या घरातलं कुणी गेलं असेल, त्या घरात चवथीला तळणाची कढई चढत नाही. म्हणून काही पोरंबाळं नेवऱ्यांवाचून राहत नाहीत. शेजारीपाजारी डबे भरून आणून देतात, इतके की घरी तळलं असतं त्यापेक्षा जास्तच खायला मिळतं. मायेची रीत आहे. पण ती माया कुणाच्या दारात आली की त्या घराबद्दल गावाचं काय मत झालंय, हे सांगावं लागत नाही.

गौरवी म्हणूनच अडून बसली होती. तळावं तर सासू काय म्हणेल, न तळावं तर आपणच त्याला मारलं. आज नको, उद्या बघू, असं करत तिनं आठवडा ढकलला होता.

दुपारी शेजारची आनंदी आली. एरवी ही बाई अंगणातूनच हाका मारत यायची आणि बसली की हलायची नाही. आज ती मागल्या दारानं आली. हातातला स्टीलचा डबा तिनं ओट्यावर ठेवला, परेशच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गौरवीकडे न बघता म्हणाली, "पोरांका दी गो." आणि आली तशी गेली.

परेशनं झाकण काढलंच. "नेवऱ्यो!"

गौरवीच्या अंगाची लाही लाही झाली. तिनं त्याच्या हातातून झाकण ओढून घेतलं आणि डबा गच्च बंद करून फळीवर ठेवला. परेशनं भोकाड पसरलं.

"रडू नको. आमच्यो आमी करूया. आत्ताच करूया."

मग तिला कुठलं भानच राहिलं नाही. तिनं वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली कढई माळ्यावरून काढली. नारळ फोडले. विळीवर बसून असं खोबरं खवलं की जणू खोबऱ्याशीच भांडण होतं. गूळ विरघळला, वेलची पडली आणि स्वयंपाकघर एकदाचं चवथीचं झालं. पोरं खाली बसकण मारून तयारच होती. सिद्धी पुऱ्या लाटायला बसली. तिच्या पुऱ्या गोल सोडून सगळ्या आकारांच्या होत होत्या. आई चून भरून मिटून द्यायची आणि सिद्धी कातणाचं चाक फिरवून कडा कापायची. कापलेली पट्टी परेशची. तो त्याचे साप करायचा आणि मधूनच एखादा साप कच्चाच गिळायचा.

कितीतरी दिवसांनी पोरं हसत होती. गौरवीला भरून आलं. दर चवथीला सुदेश रजा घेऊन यायचा आणि इथेच, याच पाटावर बसायचा. कढईतली पहिली नेवरी त्याची. थांबा म्हटलं तरी थांबायचा नाही, दर वर्षी जीभ पोळून घ्यायचा आणि वर "मीठ कमी पडलां" म्हणायचा. पोरं खिदळायची.

परेशनंही एक नेवरी केली. चून इतकं ठासलं की ती दोन्हीकडून फुटायला आली.

"ही बाबाची," तो म्हणाला.

सिद्धीचं चाक थांबलं. ती आईकडे बघत होती. गौरवीनं मान वळवली, उठली आणि गॅस पेटवून कढईत तेल ओतलं.

तेलाचा वास ओसरीवर गेला असावा. सत्यवती दारात येऊन उभी राहिली.

"गौरवी, कढय उतर."

"मांय, पोरांका खावच्यो आसत."

"पोरांका आनंदीन हाडल्यो."

"तिका सांगलां कोणी हाडूक?" गौरवीचा आवाज चढला. "गावान ठरवलां? आमच्या घरात कोण गेलो ता गाव ठरवतलो?"

"मीच सांगलंय तिका," सत्यवती म्हणाली.

गौरवीला वाटलं, म्हातारीचा गळा धरावा. सख्खी आई, आणि हिनं आपल्या तोंडानं जाऊन शेजारणीला सांगितलं!

"तुमचो झील तो, मांय!"

"म्हणान तर." सत्यवतीनं चौकट धरली होती. "माज्या पोटातसून इलो तो. माका कळना नाय? तू अशी धरून ऱ्हवलंस तर तो खंयचोच होवचो नाय गो. हय नाय, थंय नाय."

तेल तापलं होतं. गौरवीनं हाताला लागली ती पहिली नेवरी उचलली. ती नेमकी परेशची फुगलेली होती. एवढी तेलात सोडली की झालं. मग तो वास्कोहून निघालेला असेल, बस चुकली असेल, उशिरा येईल. हात कढईवर तसाच राहिला. वाफेनं बोटं पोळायला लागली.

"आई," सिद्धी खालून म्हणाली. "शाळेत टीचरन विचारलां, चवथीक कोणाकोणाचो बाबा घरा येतलो, हात वर करा."

"मगे?"

"मी हात वर करूक नाय."

ती पुन्हा कडा कापायला लागली. खाली मान घालून, चाक घट्ट दाबून, कापलेलीच कड परत परत. पिठावर टपटप पाणी पडत होतं.

पोरीला कधीपासून ठाऊक होतं! आणि ती एकटीच ते घेऊन शाळेत जात होती, येत होती, भावाला गप्प करत होती, का तर आईला कळू नये म्हणून. गौरवीला आपलीच लाज वाटली. तिनं गॅस बंद केला. खाली बसून सिद्धीला कुशीत ओढलं तेव्हा ती पोर इतक्या मोठ्यानं रडली की परेशही घाबरून रडायला लागला. सत्यवती चौकट सोडून आत आली आणि त्या तिघांच्या शेजारी जमिनीवर टेकली. कुणी कुणाला गप्प केलं नाही.

रडं ओसरल्यावर परेशनंच विचारलं, "म्हणजे आमच्यो तळूच्यो नाय?"

ताट तर भरलेलं होतं. वाकड्यातिकड्या, पोरांच्या हातच्या नेवऱ्या. टाकून कशा द्यायच्या?

गौरवीनं तोंड धुतलं. ताटावर ओलं फडकं घातलं, ताट कमरेवर घेतलं आणि पोरांना पुढे घालून आनंदीकडे निघाली. मागल्या दारानं नाही, अंगणातून.

आनंदी दारातच होती. गौरवीला ताटासकट बघून ती चपापली. डबा परत करायला आली की भांडायला, तिला समजेना.

"आनंदी," गौरवी म्हणाली, आणि थांबली. एवढं एक वाक्य या गावातल्या बायका किती सहज बोलतात. "ह्यो तुज्या कढयेत तळून दी गो. आमच्या घरात औंदा कढय चडना."

आनंदीनं दोन्ही हात पुढे करून ताट घेतलं.

"काकी," परेश टाचा उंचावत ताटात बोट दाखवून म्हणाला, "ती फुटकी बाबाची. ती पयली तळ."