तोंड बांधलेला शॉर्टकट

मी संगणकातला दोन अक्षरांचा शॉर्टकट बोलतोय. वर्षभराने तोंड उघडतोय, तेव्हा आवाज चढला तर ऐकून घ्या.

माझा जन्म काळजीतून झाला. रक्तपेढीचे संगणक सांभाळणाऱ्या बाईला झोप लागेना: फ्रिज तापला आणि धोक्याची घंटाच वाजली नाही तर? घंटा वाजवणारी सेवा, म्हणजे सतत चालणारा प्रोग्रॅम, लिनक्सच्या संगणकावर चालते; घंटा वाजते ती ड्युटीवरच्या माणसाच्या फोनवर. म्हणून रोज सकाळी त्याचा नंबर सेटिंगमध्ये घालायचा आणि ती सेवा बंद करून पुन्हा सुरू करायची. त्यासाठी भलीमोठी आज्ञा टाइप करावी लागे. बाईच्या एका हातात तान्ही लेक. उरलेल्या हाताने तिने मला लिहिलं. दोन अक्षरं दाबली की पुढचं सगळं मी करायचो आणि शेवटी सांगायचो, सेवा उठली की नाही.

तीनेक वर्षांनी हे सांगणंच तिला खुपलं. एक जुनी, निरुपद्रवी सूचना रोज माझ्या तोंडून यायची. ती घालवायला पाच मिनिटं पुरली असती. तिने काय केलं? माझ्या ओळीला शेपूट जोडून माझं सगळं बोलणंच कचऱ्यात वळवलं. वर म्हणते, "किती बडबडतो मेला!"

घराचं कुलूप तीनदा ओढून बघणारी बाई ही. मला मात्र एकदाही विचारलं नाही.

परवा पाळणाघर बंद, म्हणून तीच लेक, आता चार वर्षांची भिंगरी, ऑफिसात आली.

"आई, ऐक ना."

"गप्प बस गं. दोन मिनिटं."

या गडबडीत नंबरापुढचं एक चिन्ह राहून गेलं. बाईने मला दाबलं. सेटिंग चुकलं, सेवा उठलीच नाही. मी ओरडलो. सगळं कचऱ्यात. ती चहाला गेली.

दुपारी तंत्रज्ञ काकांनी फ्रिज उघडला. दार नीट लागलंच नव्हतं. "मॅडम, पिशव्या कोमट लागतायत. घंटा कशी नाही वाजली?"

सतरा पिशव्या फेकल्या. त्यातल्या दोन एका बाळंतिणीसाठी राखलेल्या. दुसरीकडून रक्त येईपर्यंत तिचा नवरा दारात उभा होता.

आणि साहेबांना बाई काय म्हणाली? "सर, शॉर्टकटने दगा दिला."

मी? माझ्या तोंडात बोळा कोंबायचा आणि वर दगाबाजही मीच?

साहेबांसमोर भिंगरीने पुन्हा आईचा पदर ओढला, पुन्हा "गप्प" ऐकलं. साहेब गेल्यावर बाईने माझी ओळ उघडली. त्या शेपटावर बोट ठेवलं. "मीच बांधलं होतं याचं तोंड," ती काकांना म्हणाली.

"मग सोडा की," काका म्हणाले.

तिने शेपूट खोडलं आणि मला दाबलं. मी आधी ती जुनी सूचना बोललो, मुद्दाम नव्हे. मग सांगितलं: सेवा चालू आहे.

राग अजून गेलेला नाही. एवढंच मागतो, आमची बडबड वाटली तरी वाचा.

बाई लेकीकडे वळली. भिंगरी खुर्चीत पाय आवळून बसली होती.

"बोल गं आता. मघापासून काय सांगत होतीस?"

"शू आली होती," भिंगरी म्हणाली. मग खाली खुर्चीकडे बघून, "आता नाही आली."