कुशी बदलणारी फिल्म

मित्रांनो, अडगळीच्या खोलीतली ही पिवळट पेटी बघून तुम्हाला वाटेल, बंद पडलेला टीव्ही असावा. नाही हो! मी एक्स-रे बघायची जुनी दिव्याची पेटी आहे.

पोटात दोन नळीदिवे, तोंडावर दुधी काच आणि डोक्यावर फिल्म अडकवायची पट्टी घेऊन मी या दवाखान्यात आले, तेव्हा काय माझा थाट होता! मोठमोठे डॉक्टर माझ्यासमोर मान तिरकी करून उभे राहत. पुढे माझा एक दिवा लुकलुकू लागला. मग तेच डॉक्टर माझ्या कुशीत चापट मारत. चापट खाल्ली की मी पुन्हा लख्ख!

एकदा शिवणकाम करणाऱ्या एक आजी पोट धरून आल्या, सोबत आजोबा. दुखत होतं खाली, डावीकडे. पोट फार दुखत असलं तरी आधी छातीचा फोटो काढायची रीत, म्हणून फोटोवाल्या काकांनी छातीची फिल्म काढून माझ्यावर लावली. नवे डॉक्टर बघतात तर हृदय भलत्याच बाजूला!

"काका, आज पुन्हा उलटी लावलीत?" त्यांनी फिल्म फिरवली.

काकांनी ती सरळ केली. डॉक्टरांनी परत फिरवली. उकाड्यात झोप न येणाऱ्या माणसासारखी बिचारी फिल्म कुशी बदलत राहिली. शेवटी काकाच खजील झाले. "असेल बुवा चुकलं. चष्मा घरी राहिलाय."

डॉक्टर आजींकडे वळले. "आजी, अपेंडिक्स उजवीकडे असतं. तुम्हाला नुसता गॅस झालाय. गोळ्या घ्या आणि घरी जा."

"गॅस असा सुईसारखा टोचतो होय रे बाळा?"

"तिचं मनावर घेऊ नका डॉक्टर," आजोबा म्हणाले. "तिचं सगळं उलटंच असतं."

माझा जीव टांगणीला लागला. घरी जाऊन ते अपेंडिक्स फुटलं तर? पण पेटीला बोलता थोडंच येतं!

तेवढ्यात ऑपरेशन करणाऱ्या मोठ्या बाई आल्या आणि नेमकी मी लुकलुकले. चापट मारायला त्यांनी हात उचलला, तो तसाच राहिला. उजवी बाजू कळावी म्हणून फोटो काढताना कोपऱ्यात शिशाचं 'उ' अक्षर ठेवतात. ते आरशात दिसावं तसं दिसत होतं.

"ही फिल्म कोणी फिरवली?"

डॉक्टरांनी काकांकडे बघितलं, काकांनी छताकडे.

बाईंनी आजींच्या छातीवर उजवीकडे तपासायची नळी ठेवली. धडधड तिथेच! मग पोट तपासलं. यकृत डावीकडे.

"आजी, जन्मापासून तुमचं हृदय उजवीकडे आहे. हजारोंत एखाद्याचं असतं. आतलं सगळंच बाजू बदलून बसलंय, अपेंडिक्ससुद्धा. ऑपरेशन लगेच करायला हवं."

आजी कण्हतच नवऱ्याकडे वळल्या. "ऐकलंत?"

आजोबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "अगं, तू उजव्या कुशीवर झोपलीस की खाट धडधडायची. मी आपला दर वर्षी खिळे ठोकत बसलो!"

आजी बऱ्या होऊन घरी गेल्या. खाटेच्या खिळ्यांचीही हातोडीतून सुटका झाली.

आता फोटो कॉम्प्युटरवर दिसतात. मी इथे झाडू-बादल्यांच्या संगतीत असते. मात्र नवे डॉक्टर रुजू झाले की बाई मला बाहेर काढतात आणि आजींची फिल्म सरळ लावतात. दर खेपेला कुणाचा तरी हात ती फिरवायला पुढे येतोच.

"हात खाली," बाई म्हणतात. "आधी अक्षर बघा, मग माणूस."

मित्रांनो, भंगारवाल्याची हाक आली की माझे दिवे अजून थरथरतात. जुन्या वस्तूंना जपा. कधी मऊ फडक्याने पुसा. आणि मी लुकलुकले, तर चापट जरूर मारा, पण हळू. आता वय झालंय.