वजनकाट्यावरचा आकडा

कृष्णनाथ सरांनी लाल पेनाचं टोपण काढलं, फील्ड बुकावर नजर फिरवली आणि टोपण परत लावलं.

"एकेचाळीस सेंटीमीटर," ते म्हणाले. "पोरं तीन मिलिमीटर चुकली तर माझ्या पाया पडतात. आणि तू गो?"

"तीनदा मोजलं, सर," गौरवी म्हणाली.

"म्हणजे तीनदा चुकलीस."

सिव्हिलच्या मुलांचं सर्वेक्षणाचं प्रात्यक्षिक ठरलेलं होतं. डिचोलीबाहेरच्या रस्त्याखालच्या मोरीपासून निघायचं, उंची मोजत किलोमीटरभर जायचं आणि खाणीच्या बंद वजनकाट्याच्या चौथऱ्यावर थांबायचं. चौथऱ्यावर सरांनी स्वतः रंगवलेली उंची होती: ३१.४२०. खाण बंद पडली, ट्रक गेले, काटा गंजला. आकडा मात्र दर दोन वर्षांनी नवा रंग लावून ताजा राहिला. सव्वीस वर्षांत एकही तुकडी त्याच्यापासून तीन मिलिमीटरपेक्षा लांब गेली नव्हती. कॉलेजच्या माहितीपत्रकात हे ठळक छापलेलं असे.

गौरवीचं उत्तर होतं ३१.०१०.

सह्यांचा आज शेवटचा दिवस. सही नाही तर परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर वर्ष गेलं. पुढच्या वर्षी हे प्रात्यक्षिकच राहणार नव्हतं. त्याजागी एका दुपारी मुलांना ड्रोन दाखवायचं ठरलं होतं. सरही या महिनाअखेर निवृत्त होत होते.

लॅब सांभाळणारा रघुनाथ दारात उभा होता. "सर, जमीन खचली म्हणून लिहा. खाणीच्या नावावर हंय सगळें खपतां."

सरांनी क्षणभर तेही मनात लिहून पाहिलं. मग उठले.

"लेव्हल काढ रे. आणि रंगाचे डबे घे."

मोरीवर गौरवीने स्टाफ, ती मापांची उंच पट्टी, उभा धरला. सरांनी तिवई रोवून लेव्हलची दुर्बीण बसवली, तिच्यातला बुडबुडा मध्ये आणला, एक डोळा मिटला. बऱ्याच वर्षांत ते स्वतः वाकले नव्हते. ते छत्रीखाली बसायचे आणि मुलं वाकायची.

"सरळ धर गो. स्टाफ आहे तो, काठी न्हय!"

अर्ध्या वाटेवर आंब्याखाली ते पाणी प्यायले. नोकरीच्या पहिल्या वर्षी ते इथवरच आले होते. ऊन फार होतं. उरलेली उंची त्यांनी डिचोलीच्या बाजारात, चहाच्या दुकानात भाजीत उंडो पाव बुडवताना अंदाजाने लिहिली. सोमवारी जाऊन मोजायचं ठरलं होतं. कुठल्या सोमवारी, ते ठरलं नव्हतं.

आज ते आंब्याच्या पुढे गेले.

चौथऱ्यावरचं शेवटचं वाचन घेऊन त्यांनी तिवईला टेकूनच हिशेब केला. ३१.००७.

"तुझ्यात नि माझ्यात तीन मिलिमीटर," ते म्हणाले. "एवढं चालतं."

गौरवीने फील्ड बुक पुढे केलं. सरांनी ते घेतलं.

"जुनी वही वर्गात फिरते, मला ठाऊक आहे. तू का नाही उतरवलीस?"

"मी डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आले, सर. मला कोणी दिलीच नाही."

सरांनी मान डोलावली. फील्ड बुक गुडघ्यावर ठेवून सही केली, तारीख घातली. आता वाईट वाटायला हवं होतं. ते थोडा वेळ थांबले. पाठ तेवढी दुखत होती.

रघुनाथने डबे उघडले. सरांनी जुन्या आकड्यावर पांढरा हात मारला, तो वाळेपर्यंत गंजलेल्या काट्याकडे बघत बसले, मग काळ्या रंगात नवा आकडा काढला. ३१.०१०. तिचा.

"बघ," रघुनाथ गौरवीला म्हणाला, "सव्वीस वर्षं टिकलेला आकडा तू एका दिवसात खचवलास!"

ती हसली. मग ओल्या रंगाकडे बघत तिने विचारलं, "पण सर, जमीन खचली नसेल, तर आधीचा आकडाच चूक असणार. तो कोणी मोजला होता?"

रघुनाथही सरांकडे बघू लागला.

सरांनी डब्याचं झाकण बसवलं. ते नीट बसलं होतं. तरी चारी बाजूंनी पुन्हा दाबलं.

"स्टाफ सरळ धर," ते म्हणाले.

स्टाफ तिने केव्हाच गाडीत ठेवला होता.