फोटोपुरता डोळा

मी कशेडी घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका शाळेतला जुना सूक्ष्मदर्शक आहे. मित्रांनो, मी रागावलेलो आहे आणि ते लपवणार नाही.

नवा होतो तेव्हा मुलं माझ्यासमोर रांगा लावत. मग एकदा कुणाच्या हातून काचपट्टी फुटली आणि मला कपाटात कोंडलं. दर दसऱ्याला बाहेर काढत, हळदकुंकू लावत, झेंडू वाहत, की पुन्हा कुलूप. दहा वर्षं माझी पूजा झाली. डोळा एकानेही लावला नाही.

यंदा तपासणी आली. प्रयोगशाळेचे फोटो पाठवायचे होते, म्हणून विज्ञानाच्या उतेकर सरांनी मला टेबलावर मांडलं आणि आठवीतल्या श्रुतिकाला बोलावलं.

"फोटोपुरता डोळा लाव. हलू नकोस."

फोटो निघाला. सर फळ्याकडे वळले आणि कांद्याच्या पेशी काढू लागले. विटांसारख्या सरळ रांगा, प्रत्येक विटेत मधोमध केंद्रकाचा ठिपका. वर्ग मुकाट्याने उतरवू लागला. श्रुतिका मात्र खिचडी शिजवणाऱ्या ठकूबाईंकडून कांद्याची फोड घेऊन आली. आतला पातळ पापुद्रा तिने काचपट्टीवर पसरला, त्यावर आयोडीनचा थेंब सोडला, माझा आरसा खिडकीकडे फिरवला. आधी तिच्या मैत्रिणीने, अफशाने, डोळा लावला.

"मला तर माझ्याच पापण्या दिसतात गो!"

"नाक मागं घे. काचेवर वाफ धरलीस."

मग श्रुतिका बसली. एकदा बघायची, एक रेघ काढायची, पुन्हा बघायची. तिच्या पेशी तिरक्या होत्या, काही लांब, काही अरुंद. केंद्रकं बहुतेक कडेला, भिंतीला चिकटलेली. अगदी बरोबर.

सरांनी लाल पेनने फुली मारली.

"केंद्रक मध्ये दाखवायचं. फळा दिसत नाही?"

"सर, फळ्यावर मध्ये हाय. इथं कडेला हाय. तुम्हीच बघा ना."

"मला शिकवतेस? उद्या साहेब वही तपासणार आहेत, तुझं शहाणपण नाही."

सर माझ्यापासून हातभर अंतरावर उभे होते. नुसतं वाकायचं होतं. ते वाकले नाहीत.

श्रुतिकाने इतकं खोडलं की कागद फाटायला आला. फळ्यावरच्या विटा उतरवल्या, मधोमध ठिपके दिले. सरांनी खाली 'उत्तम' लिहून सही केली.

"सुटलीस बाय," अफशा म्हणाली.

"सुटले. पण ह्यो कांदा नाय."

मला कपाटात ठेवलं तेव्हा तिची काचपट्टी माझ्यावरच राहिली होती. पापुद्रा कधीच वाळून गेला.

मित्रांनो, मला पुसा, धुळीपासून जपा, असं मी विनवणार नाही. तुम्ही उद्या मोठे व्हाल, तुमच्याही हाती लाल पेन येईल. कुणी मूल 'बघा ना' म्हणालं, तर फुली मारण्याआधी वाका आणि बघा.