नालबंदाची टाच

नालबंदानं सळई भट्टीत खुपसली तेव्हा त्याच्या बायकोला वाटलं, आला असेल कुणाचा बैल. बाहेर येऊन बघते तर अंगण रिकामं. नवराच खुंट्याला पाठ टेकून, उजवा पाय डाव्या मांडीवर घेऊन बसलेला. शेजारी खूर तासायची सुरी, पातं रक्तानं भरलेलं.

टाचेवरचा तो काळा डाग दोन पावसाळ्यांचा. आधी मसुराएवढा होता, तेव्हा म्हणाला, खिळा रुतला असेल. मग बटणाएवढा झाला, कडा सांडलेल्या शाईसारख्या पसरल्या, मधोमध चिघळलं. तेव्हा म्हणाला, कुरूप आहे. अन् बैलाचा खूर तासावा तशी तो आपली टाच तासत राहिला. डाग परत यायचा, आधीपेक्षा मोठा होऊन.

"आज मुळासकट जाळतो," तो म्हणाला.

"नर्सबाई काय म्हणाल्या? कातडीचा कॅन्सर असू शकतो. चिरू नका, जाळू नका, मोठ्या दवाखान्यात दाखवा."

"तो उन्हानं होतो. माझ्या टाचेनं जन्मात ऊन पाहिलंय का?"

"विचारलं मी. याला ऊन लागत नाही. तळपायाला होतो, तळहाताला होतो, नखाखाली होतो. कुणी बघत नाही तिथंच वाढतो."

"अन् मग पाय कापतात. लंगड्या नालबंदाकडं बैल कोण आणणार, तुझा बाप?"

त्यानं लाल सळई उपसली. तिनं त्याच्या हाताला हिसका दिला. सळई तिच्याच मनगटावर घसरली, चर्रकन कातडी जळाली. ती ओरडली नाही. मनगट पदरात गुंडाळून तिनं भावाला हाक मारली, "ढोल्या, दोर आण."

ढोल्या बैल पाडायला मदतीला असायचा. दोर घेऊन आला. "कुठला बैल, ताई?"

"हा."

नालबंदानं उठून सांडशी फेकली, ती ढोल्याच्या खांद्यावर बसली. मग डोकं हाणलं, ढोल्याचा दात पडला. तोवर बायकोनं गुडघ्यांभोवती फास टाकून ओढलाही. बैल पाडताना ओढायची तसाच. नालबंद कुशीवर कोसळला. ढोल्या बरगड्यांवर बसला.

"सोड, चांडाळणी. नवऱ्याला बांधतेस?"

"तुम्ही बैलाला विचारून पाडता का?"

त्यानं तिच्या दंडाला चावा घेतला. तिनं त्याचं तोंड मातीत दाबलं अन् चारी हातपाय आवळले. गाठ अशी मारली की कापल्याशिवाय सुटू नये. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, हे तिला ठाऊक होतं. गाडीत टाकल्यावरही तो अर्धी वाट फळ्यांवर लाथा झाडत होता.

दवाखान्यात तुकडा काढून तपासला. नर्सबाईंचं खरं निघालं.

"टाचेचा बराच भाग काढावा लागेल," डॉक्टर म्हणाले. "मांडीची कातडी लावू. रोग वर सरकलाय का, तेही बघू. पाय वाचेल असं वाटतं. पण तासून तासून फार उशीर केलात."



ऑपरेशनच्या सकाळी त्याची नजर बायकोच्या मनगटावरच्या पट्टीवर गेली.

"फार भाजलंय का?"

"या धंद्यात लाथ खावीच लागते."

"माझ्या दाताचं काय, दाजी?" ढोल्या म्हणाला.

"तुला दात कमीच बरे. खातोस किती."

मग स्ट्रेचरची चाकं दाराशी वाजली. नालबंदाचे पाय चादरीखाली थरथरू लागले. त्यानं ते दाबून धरले, तरी थांबेनात.

"दोर आहे का गं?" तो हळूच म्हणाला.

"का? पळायचंय?"

"बांध पाय. सुरी दिसली की जनावर आवरत नाही."

तिनं पिशवीतून दोर काढला. तो पाय जवळ घेऊन स्वतःच नीट पडून राहिला. वेढे बसले तेव्हा म्हणाला, "गाठ आपली मार, बैलाला मारतो ती. एका हिसक्यात सुटणारी. काम झालं की उभं राहता आलं पाहिजे."

तिनं तीच मारली.